दोन उतारे

बोकड कुठल्या खात्यात मांडायचा, हा प्रश्न मला उभ्या नोकरीत कधी पडला नव्हता. मराठवाड्यात सत्तावीस वर्षं हापसे दुरुस्त केले. पाईप, रॉड, साखळी, वायसर, ग्रीस, मजुरी, एवढ्यात खर्च संपायचा. फार तर नव्या बोअरला पाणी लागलं की एक नारळ. तोही सरपंच स्वतःच्या खिशातून आणायचा आणि स्वतःच फोडायचा. पण 2008 साली उत्तर युगांडातल्या अमुरू जिल्ह्यात, एका गावात गाडीतून पाने आणि साखळ्या उतरवून कामाला हात घालणार, तोच माझ्या तिन्ही मजुरांनी अवजारं खाली ठेवली. हापशाभोवतीचं गवत कापताना दहा पावलांवर हाडं निघाली होती. माणसाची. कोणाची, ते कोणीच विचारलं नाही.

निरोप गेला आणि एक म्हातारबुवा आले. त्या भागात वडीलधाऱ्या पुरुषाला 'लाडीत' म्हणतात, आपण 'अण्णा' किंवा 'बापू' म्हणावं तसं. लाडीतनी हाडांकडे पाहिलं, हापशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुभाष्या म्हणाला, "ते म्हणतात, ही जागा अजून धुतलेली नाही. आधी जागा धुवायची, मग पाणी काढायचं." धुवायला एक बोकड लागणार होता.

कार्यालयातल्या तरुण मुलीला बोकडाचं प्रयोजन समजावता समजावता माझ्या फोनची बॅटरी संपली. शेवटी वहीत लिहिलं, 'स्थानिक साहित्य, एक नग'. हिशेब तपासणाऱ्यानं त्यावर कधी बोट ठेवलं नाही.

मी तिथे कसा पोचलो ते सांगून टाकतो. मी अंबड तालुक्यातला. साठ-सत्तरच्या दशकांत जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या लोकांनी गावानं दिवसभर हापसला तरी मोडणार नाही असा पोलादी हापसा घडवायची खटपट केली. त्यातूनच पुढे 'इंडिया मार्क टू' आला आणि तो आफ्रिकेतही गेला. युगांडात त्याच्या भावंडाला 'यू-टू' म्हणतात. स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलो होतो, तेव्हा एका मदतसंस्थेला हा हापसा डोळे मिटून उघडणारा माणूस हवा होता. बायको म्हणाली, "जा, इथे बसून माझ्याच डोक्याशी हापसताय." गेलो.

आचोली लोकांचा तो मुलूख. 1986 साली मुसेवेनी सत्तेवर आले आणि उत्तरेत बंड पेटलं. त्याचं पुढारपण जोसेफ कोनीच्या सैन्याकडे गेलं. हे सैन्य पोरं पळवायचं, त्यांच्याकडून ओझी वाहून घ्यायचं, मग त्यांच्याच हाती बंदुका द्यायचं. सरकारनं 1996 पासून लोकांना गावं सोडून छावण्यांत जायला लावलं. त्या छावण्यांचं नाव होतं 'संरक्षित गावं'. 2005च्या सुमारास सगळ्या उत्तरेत मिळून अठरा लाखांच्या आसपास माणसं छावण्यांत होती. एकट्या पाब्बो छावणीत पन्नास हजारांहून जास्त. झोपडीला झोपडी लागलेली. एकीचं छप्पर पेटलं की ओळच्या ओळ राख व्हायची. त्याच वर्षी झालेल्या आरोग्य पाहणीत आचोली भागात आठवड्याला सुमारे एक हजार जादा मृत्यू मोजले गेले होते, आणि त्यांत बंदुकीपेक्षा हिवताप, हगवण असल्या आजारांचा वाटा मोठा होता. 2006च्या ऑगस्टमध्ये शस्त्रसंधी झाली. कोनीनं पुढे अंतिम करारावर सही केलीच नाही, पण त्याचं सैन्य सीमेपार गेलं होतं आणि लोक हळूहळू परतायला लागले होते.

परतायला लागले, असं लिहिणं सोपं आहे. कुठे परतायचं? आपल्याकडे 'गावी गेलो' म्हटलं की गावात कोणीतरी आधीपासून असतं. चुलता असतो, पारावर चार म्हातारे असतात. इथे सगळंच्या सगळं गाव छावणीत होतं. स्वागत करायला मागे राहिलं होतं कोण? पुरुषभर गवत. दहा-बारा वर्षांची मुलं छावणीत जन्मून छावणीतच वाढली. त्यांनी बापाचं शेत कधी पाहिलेलं नव्हतं. कोणाची शीव कुठल्या झाडापासून कुठल्या वारुळापर्यंत, हे ज्यांच्या डोक्यात होतं ते म्हातारे छावणीतच गेले. त्यांना पुरलंही तिथेच, दुसऱ्याच्या जमिनीत. छावण्या उठायला लागल्या तेव्हा त्या जमिनींचे मालक म्हणू लागले की झोपड्या पाडा आणि तुमची मढीही घेऊन जा. एका सायकलच्या मागे पोत्यात बांधलेली आजीची हाडं नेणारा नातू मी पाहिला आहे. उतारावर तो सायकलवर बसला नाही. शेवटपर्यंत हातानं धरून चालत नेली.

जागा धुण्याच्या त्या विधीला 'मोयो पिन्य' म्हणतात. लाडीतबरोबर आणखी पाच-सहा वडीलधारे आले. हाडं उचलून पुरली. बोकड कापला, त्याच्या पोटातला अर्धा पचलेला चारा जमिनीवर शिंपडला, आमच्या पावलांवरही थोडा लावला. ज्यांना धड मूठमाती मिळाली नाही त्यांचा कोप जागेला आणि माणसांना धरून राहतो, त्याला ते 'चेन' म्हणतात. चेन धरलेला माणूस रात्री ओरडतो, आजारी पडतो, मारायला धावतो. मी वारकरी घरातला. आमच्यात बोकड कापत नाहीत. पण तो चारा पावलाला लागला तेव्हा मला किळस आली नाही. आठवण आली ती सुतकाची.

सुतकात दोष कोणाचा असतो? कोणाचाच नाही. भाऊबंदात कोणी गेलं की दहा दिवस ते आपल्याला लागतं, मेलेल्याचं आपण तोंड पाहिलेलं नसलं तरी. मसणवाटेवरून आलं की दारात कडुनिंबाचा पाला चावायचा, दहाव्याला नदीवर जायचं, तेराव्याला लोकांनी जेवायला यायचं. शिकलो-सवरलो तेव्हा मी हे सगळं अडाणीपणात जमा केलं होतं. अमुरूत त्या हापशापाशी उभा असताना पहिल्यांदा वाटलं की या व्यवस्थेला एक गोष्ट नेमकी कळली होती: माणसाला काहीतरी चिकटतं, आणि ते चिकटायला त्यानं पाप केलेलं असावं लागत नाही. मृत्यू नुसता शेजारून गेला तरी लागतो. मग तो काढायला न्यायाधीश उपयोगाचा नाही, शेजारी लागतात. हेही खरं की याच विटाळाच्या कल्पनेनं आम्ही आमच्याच गावाचा अर्धा भाग शिवेबाहेर ठेवला आणि त्यांचं सुतक हजारो वर्षं फिटू दिलं नाही. म्हणून लाडीतच्या विधीकडे मी भाबडेपणानं पाहत नव्हतो. विधी दार उघडतो तसा लावूनही घेतो, हे अंबड तालुक्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

जंगलातून सुटून आलेल्या पोरांसाठी दुसरा विधी होता, 'न्योनो तोंग ग्वेनो', म्हणजे अंडं तुडवणं. बंडखोरांना लोक 'ओलुम' म्हणायचे, गवतातले. गुलूच्या मेगा एफएमवर 'द्वोग पाचो' नावाचा कार्यक्रम लागायचा, 'घरी ये'. सुटून आलेली मुलं त्यावर बोलायची आणि जंगलातली मुलं चोरून ऐकायची. त्यातलं कोणी खरंच आलं की अंगणाच्या तोंडाशी ओपोबो नावाच्या झाडाच्या फांदीत अंडं ठेवायचं. ही फांदी ओली, बुळबुळीत. तिचा साबणासारखा उपयोग करतात. शेजारी लायिबी आडवी टाकायची. लायिबी म्हणजे कणगीचं टोपण उचलून धरायची काठी. आलेल्यानं अनवाणी पायानं अंडं फोडायचं, काठी ओलांडायची आणि आत यायचं. कणगीची काठी का, असं मी विचारलं. एक बाई म्हणाली, "तू आधीही इथलंच खाल्लंस, हे त्याला आठवावं म्हणून."

माझी आजी डोळ्यांपुढे उभी राहिली. लांबून कोणी आलं की ती ओरडायची, "थांब, उंबरा ओलांडू नको!" भाकरीचा तुकडा आणि तांब्यातलं पाणी ओवाळून बाहेर टाकायची, मग म्हणायची, "ये आता." कुठे होतास, काय केलंस, हा प्रश्न नंतर. कधीकधी कधीच नाही.

तिथल्या चर्चमध्ये धर्मशिक्षण देणारा एक मास्तर आमच्या पाणी समितीत होता. त्याला अंडं पटत नव्हतं. गरम होऊन म्हणाला, "अंडं काही विचारतच नाही! कबुलीशिवाय क्षमा कसली? यानं शेजाऱ्याचं घर जाळलं असेल, तर शेजाऱ्यानं काय अंड्याकडे बघत बसायचं?" लाडीत तंबाखू मळत होते. म्हणाले, "दारात उभ्या पोराला काय विचारू? त्याला बसू तर दे."

हा वाद मी मनात पुष्कळ वर्षं वाहिला. मास्तरचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आतल्या माणसांचीही घरं जळली होती. 1995 साली अतिआकमध्ये आणि 2004 साली लुकोडीच्या छावणीत लोक मारले गेले, ते मारायला परग्रहावरून कोणी आलं नव्हतं. याच भाषेतली, पळवून नेलेली मुलंही त्यात होती. डॉमिनिक ओंग्वेनला शाळेच्या वाटेवरून उचललं तेव्हा तो लहान मुलगा होता. पुढे तो कोनीचा सेनानी झाला आणि 2021 साली हेगच्या न्यायालयानं त्याला खून, गुलामी, बलात्कार अशा एकसष्ट आरोपांत दोषी ठरवून पंचवीस वर्षांची शिक्षा दिली. अंडं ठेवायचं ते त्या लहान मुलासमोर, की सेनानीसमोर? न्यायालयानं त्याचं बालपण शिक्षा ठरवताना वजनात धरलं, पण माणूस एकच धरला. मला तरी दोन वेगळे करता येत नाहीत. आणि एका अंगणात दोघे एकाच पायानं येतात, ही अडचण अंड्याला सुटत नाही.

पण आचोली लोकांकडे अंडं एवढंच नव्हतं, हे बाहेरचे विसरतात. 'मातो ओपुत' हा त्यांचा दुसरा, मोठा विधी, कडू मुळीचा रस पिण्याचा. त्यासाठी मारणाऱ्यानं सांगावं लागतं, दोन्ही कुळांनी महिनोन्‌महिने बोलावं लागतं, भरपाई ठरते, आणि मग दोन्हीकडचे लोक एकाच भोपळ्यातून कडू पितात. परदेशी पाहुण्यांना हा फार आवडायचा. माझ्या देखत तीन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी तो टिपला. मात्र या युद्धात तो सहसा बसत नाही. मारणारा कोण, कुठल्या कुळातला, हेच माहीत नाही. मग कडू प्यायला समोर बसवायचं कोणाला? तरी त्या दोन विधींचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी अंडं, मग ओपुत. आधी आत घ्यायचं, खायला घालायचं, आणि आत बसल्यावर हिशेब मागायचा.

आमच्याकडे हा क्रम उलटा लागला तेव्हा काय झालं, ते प्रत्येक कीर्तनात ऐकलं आहे. विठ्ठलपंत संन्यास सोडून गुरूच्याच आज्ञेनं आळंदीला घरी परतले. गावानं त्यांना वाळीत टाकलं. प्रायश्चित्त विचारलं तर देहान्ताचं सांगितलं. आई-बाप गेले, तरी चार पोरांना 'संन्याशाची मुलं' हे नाव राहिलंच, आणि ती शुद्धिपत्र मागायला पैठणला आली. आमचं गाव पैठणपासून लांब नाही. कीर्तनकार रेड्याच्या तोंडून वेद म्हणवताना असे रंगायचे की आई-बापांचं मरण एका वाक्यात उरकायचं. आठवीत असताना मी एका बुवांना विचारलं होतं, "पत्र मिळाल्यावर त्यांना आळंदीतलं घर परत मिळालं का?" बुवा हसले आणि म्हणाले, "पोरा, ते ब्रह्मांडाचे मालक, त्यांना घर कशाला?" वडिलांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि तीस-पस्तीस वर्षांनी अमुरूत एका बाईनं तो पुन्हा समोर आणून ठेवला.

ती आमच्या हापशाची राखणदार होती. अकराव्या वर्षी पळवली गेली, एकोणिसाव्या वर्षी परत आली, सोबत चार वर्षांचा मुलगा. बापाच्या अंगणात तिनं अंडं तुडवलं. आई रडली, बायकांनी किलकाऱ्या घातल्या, सगळं यथासांग. मुलालाही तिनं हाताला धरून काठी ओलांडून घेतलं. हे छावणीत असताना. छावणी उठली आणि बापाच्या जमिनीवर परतायची वेळ आली, तेव्हा बाप हयात नव्हता. भावांनी शेताच्या पट्ट्या आखल्या. तिला तीळ पेरायला एक तुकडा दिला, 'तू आहेस तोवर'. मुलाचं काय? भाऊ शांतपणे म्हणाले, "पोरगा बापाच्या कुळाचा. त्याची जमीन बापाकडे." बाप म्हणजे जंगलातला कोणी अधिकारी. त्याचं खरं नाव तिला माहीत नव्हतं, कूळ तर दूरच. अशा बायका त्या मुलखात शेकड्यांनी आहेत. भाऊ दुष्ट नव्हते. बारा वर्षं छावणीत धान्याच्या गाडीची वाट पाहिलेल्या माणसांसाठी जमीन ही एकच गोष्ट शिल्लक होती, आणि वाटेकरी वाढवायला कोण तयार होतं? आपल्याकडे तरी बहिणीकडून हक्कसोड लिहून घेताना कोणाचा हात थरथरतो?

मी लाडीतना विचारलं, "पोरानंही अंडं तुडवलंय ना?" ते पुष्कळ वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अंडं अंगणाचं असतं. शेताचं नाही."

त्या रात्री गुलूत मुक्काम होता. तिथे ज्या गुजराती काकांच्या दुकानातून मी नट-बोल्ट घ्यायचो, ते 1972 साली इदी अमीननं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देशाबाहेर काढलं त्यांतले. नव्वदच्या दशकात ते परत आले आणि दुकानाची इमारत सोडवून घेतली. "कागद होता ना," ते चहा ओतत म्हणाले, "बाप मरताना सगळं विसरला, पण कागद उशाखाली ठेवून गेला." मग जरा थांबून म्हणाले, "इमारत मिळाली. पण भाई, पंधरा वरस झाली, एकाही घरात मला कोणी जेवायला बोलावलं नाही." मी त्यांना अंड्याविषयी सांगितलं. ते म्हणाले, "आम्हाला कोण अंडं ठेवणार? आणि आम्ही शाकाहारी!" दोघेही पोटभर हसलो, आणि नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही.

मराठीत एक गंमत आहे, ती मला तिथे, गुलूच्या त्या लॉजमध्ये डास मारता मारता जाणवली. झपाटलेल्या माणसावरून भाकर-तुकडा, लिंबू ओवाळून तिकाटण्यावर टाकतात त्याला आपण उतारा म्हणतो. आणि तलाठ्याकडून सातबाराची नक्कल काढतो, तोही उतारा. एकच शब्द. एक अंगावरचं उतरवतो, दुसरा वहीतलं उतरवून देतो. काकांना दुसरा मिळाला होता, पहिला नाही. त्या बाईला पहिला मिळाला, पण तिच्या पोराला दुसरा देणारा तलाठी कुठेच नव्हता. तिथली बहुतेक जमीन कुळाकडे, रीतीनं, तोंडी. उतारा म्हणजे म्हाताऱ्यांची आठवण. आणि म्हातारे तर छावणीतच पुरलेले. हेगच्या न्यायालयानं 2024 साली ओंग्वेनच्या सुमारे पन्नास हजार पीडितांना दरेकी 750 युरो देण्याचा आदेश दिला. ती बाई त्यात बसते की नाही, ते मला माहीत नाही. पैशाला मी नाक मुरडत नाही, आमच्याकडे पाच हजारांच्या दुष्काळी अनुदानासाठी लोक तहसीलला पाच खेटे घालतात. पण 750 युरो कुठल्या कुळात पेरायचे?

अधिकार माझा हापशापुरता होता. समितीचा नियम असा की दर घरामागे महिन्याला पाचशे शिलिंग पाणीपट्टी, आणि ती भरणाऱ्याला पावती. पावतीवर कुटुंबप्रमुखाचं नाव, कूळ, गाव. नमुना मीच करून दिलेला, आमच्या ग्रामपंचायतीच्या पावतीवरून. आपल्याकडे घरपट्टी-पाणीपट्टीच्या जुन्या पावत्यांवर लोकांनी राहत्या जागेचे दावे लढवले आहेत, हे डोक्यात होतं. ते मी तिला दुभाष्यामार्फत एकदाच सांगितलं. तिनं मान हलवली आणि हापशाच्या सांडपाण्यावर लावलेल्या वांग्यांतलं गवत उपटत राहिली.

2009च्या नोव्हेंबरात परत निघण्याआधी शेवटचं रजिस्टर तपासायला गेलो. वही तिच्याकडेच असायची, आठवीपर्यंतचं इंग्रजी तिनं परत आल्यावर शिकून घेतलेलं. तिच्या घराच्या ओळीत कुटुंबप्रमुख म्हणून मुलाचं नाव होतं. वय सात. कुळाच्या रकान्यात तिनं स्वतःच्या बापाचं कूळ लिहिलं होतं, रेघ न ओढता, न खोडता. महिनाअखेर अध्यक्षानं सही करायची असते. अध्यक्ष लाडीत. त्यांना वाचता येत होतं. मिशनच्या शाळेत गेलेले, चष्मा लावून बायबल वाचायचे.

वही उघडून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्मा पुसला, बोट ओळीओळीनं खाली नेलं. त्या ओळीवर बोट थांबलं. पलीकडे हापसा चालू होता, आणि साखळी करकरत होती. ग्रीस लावायला झालं आहे, हे माझ्या कानाला कळत होतं. लाडीतनी माझ्याकडे पाहिलं नाही, तिच्याकडेही नाही. पेन मागितलं. सही करून झाल्यावर त्यांनी विचारलं, "याची दुसरी प्रत असते ना?"

कार्बन होता. प्रत फाडून मी तिच्या हातात दिली.